मेमरी कार्डावरून घरीच फोटो प्रिंट करताना: सोलापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं एका कलर लॅबमध्ये मशीनवर होतो. रोल धुवायला येणं कमी झालं, मग थांबलंच, आणि एक दिवस मशीन भंगाराच्या टेम्पोत चढलं. आता जुळे सोलापुरात घरीच दोन प्रिंटर ठेवून गल्लीतल्यांचे, पाहुण्यांचे फोटो छापून देतो. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, झाली की आणि मे महिन्यात लग्नसराई उरकली की लोक चिमटीत चिप धरून दारात येतात आणि तेच तेच विचारतात. दर वेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं.

आधी खरं सांगा, घरी प्रिंट करणं स्वस्त पडतं का?

नाही. समजा ४ बाय ६ च्या २० कागदांचं पाकीट १६० रुपयांना आणलं. कागद आठ रुपयांना पडला असं तुम्ही म्हणाल. पण नवशिक्याच्या हातून त्यातले तीन तरी वाया जातात. एक उलटा जातो, एकावर डोकं कापलं जातं, एकावर बोट लागतं. उरले १७, म्हणजे नुसता कागदच साडेनऊच्या घरात गेला. शाई, शाई फवारणारं हेड साफ करताना सांडलेली शाई आणि प्रिंटरची किंमत अजून धरलेलीच नाही. हे गणित कागदावर मांडा, मग नवी पेठेतल्या एखाद्या लॅबमध्ये जाऊन दर विचारा.

लग्नाचे ३०० फोटो लॅबलाच द्या. घरचा प्रिंटर लागतो तो रात्री नऊ वाजता, म्हणजे सकाळी शाळेत प्रोजेक्टला फोटो चिकटवायचाय असं पोरगं झोपताना सांगतं तेव्हा. आजी गावाकडे निघालीय आणि नातीचा फोटो सोबत हवाय, तेव्हाही लागतो. चार-पाच फोटो, लगेच, आपल्या नजरेसमोर. तेवढ्यासाठी तो ठेवला तर पैसे गेल्याचं वाटत नाही.

कोणता प्रिंटर घेऊ?

लेझर प्रिंटर फोटोसाठी घेऊ नका. कागदपत्रांना तो उत्तम. पण इंकजेटचा चकचकीत फोटो कागद चुकून त्यात घातला तर आतल्या गरम रुळावर कागदाचा लेप वितळतो, आणि मग प्रिंटर दुरुस्तीला.

राहिले दोन प्रकार. पहिला इंकजेट, त्यातही शाईच्या टाकीवाला. टाकी असल्यामुळे शाई स्वस्त पडते, ए-फोरपर्यंत कोणताही आकार निघतो, मुलांच्या नोट्सही निघतात. चार रंगांच्या टाकीपेक्षा सहा रंगांच्या टाकीवर चेहऱ्याचा रंग जास्त मऊ येतो, कारण त्यात फिकट निळा आणि फिकट गुलाबी वेगळा असतो. मात्र एक बघा. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त टाकीवाल्या प्रिंटरला कार्ड घालायची खाचच नसते. एप्सन एल ८५० सारख्या फोटोच्या मॉडेलला ती असते, साध्या मॉडेलला नसते. दुकानदार "सगळं होतंय की ओ" म्हणेल. खाच कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा.

दुसरा प्रकार डाय-सब्लिमेशन, उदाहरणार्थ कॅननचा सेल्फी (हे प्रिंटरचंच नाव). डबीएवढं मशीन, त्यात शाई नाही, रंगाची रिबन असते. कागद चार वेळा आत-बाहेर करतो: पिवळा, मग गुलाबी, मग निळा, आणि शेवटी पारदर्शक थर. त्या शेवटच्या थरामुळे फोटोवर पाण्याचे थेंब पडले तरी पुसून घेता येतात. कागद आणि रिबन जोडीनेच मिळतात. १०८ कागदांच्या पाकिटात ३६-३६ फोटोंच्या तीन रिबनी असतात, त्यामुळे एका फोटोचा खर्च पैशापर्यंत ठरलेला. आकार मात्र एकच धरून चालायचं, पोस्टकार्डाचा, १०० बाय १४८ मिलिमीटर.

माझं मत विचाराल तर, महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच फोटो छापणाऱ्या घराने सेल्फीसारखं मशीन घ्यावं. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यात वाळण्यासारखं काही नाही. रोज काही ना काही प्रिंट होत असेल तर टाकीवाला.

अशोक चौक, अक्कलकोट रोड या भागात घरालगत माग चालतात, त्या घरांसाठी एक सावधगिरी. मागावरची कापसाची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण रिबनवाल्या मशीनला ती दिसते. कागदावर एक तंतू बसला की तेवढ्या जागी रंग उतरत नाही, पांढरा ठिपका राहतो. एका टॉवेल कारखानदाराच्या घरी मी तासभर मशीन बिघडलं समजून बसलो होतो. मशीन आतल्या खोलीत नेलं, पंखा बंद केला, ठिपके गेले.

अण्णा, कार्ड घातलं तर प्रिंटर "फोटो नाहीत" म्हणतोय की ओ! कार्डात तर हजार फोटो आहेत.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. निम्म्या वेळा प्रिंटर बरोबर असतो.

पहिल्यांदा कार्डाची साईज बघा. २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, ४ ते ३२ जीबीचं एसडीएचसी, ६४ जीबीपासून पुढे एसडीएक्ससी. ही नावं कार्डावर बारीक अक्षरात छापलेली असतात. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, खाचेत बसतातही, पण आतली मांडणी वेगळी. जुन्या प्रिंटरला ३२ जीबीच्या पुढची मांडणी वाचताच येत नाही. तो एक तर "फोटो नाहीत" म्हणतो, नाही तर "कार्ड फॉरमॅट करू का?" असं विचारतो. त्या प्रश्नाला हो म्हणू नका. प्रिंटर असो वा कॉम्प्युटर, फॉरमॅट विचारला की कार्ड बाहेर काढायचं आणि दुसरीकडे लावून बघायचं. हो दाबून मुंजीचे फोटो गमावलेली दोन माणसं माझ्याच गल्लीत आहेत.

दुसरं, फोल्डर. कॅमेरा आपले फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये ठराविक पद्धतीच्या नावांनी ठेवतो. बरेच प्रिंटर तेवढंच वाचतात. तुम्ही कॉम्प्युटरवर बसून हौसेने "गड्डा यात्रा" असं नवं फोल्डर करून त्यात फोटो हलवलेत की प्रिंटरच्या दृष्टीने ते कार्डात नाहीतच.

तिसरं, फोटोचा प्रकार. कार्डावरून थेट प्रिंट व्हायला फोटो जेपीजी हवा. मोठ्या कॅमेऱ्यावर "रॉ" लावून काढलेले फोटो प्रिंटर उघडत नाही. आयफोनचे फोटो २०१७ पासून बहुधा एचईआयसी प्रकारात साठतात, तेही नाही. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅट "मोस्ट कम्पॅटिबल" केला की पुढचे फोटो जेपीजीत येतात. आधीचे बदलून घ्यावे लागतात.

चौथं फोनमधल्या कार्डाचं. कार्ड पहिल्यांदा घालताना काही अँड्रॉइड फोन ते आतल्या मेमरीला जोडू का म्हणून विचारतात. तेव्हा हो म्हटलं असेल तर ते कार्ड त्याच फोनच्या कुलपात गेलं. बाहेर कुठेही लावा, रिकामंच दिसणार. फोटो फोनमधूनच बाहेर काढायचे.

आणि हे काहीच नसेल तर अ‍ॅडॉप्टर. मायक्रो कार्ड ज्या मोठ्या कव्हरात बसवतो त्याच्या पट्ट्या झिजतात. दुसरं अ‍ॅडॉप्टर घालून बघा. शर्टाच्या टोकाने कार्ड पुसून दिवे पेटतात अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. कधी कधी पेटतात, खोटं कशाला बोलू.

माझ्या फोनला कार्डच नाही. मग?

फोनला थेट लागणाऱ्या ओटीजी पेन ड्राइव्हवर फोटो घ्या. प्रिंटरला यूएसबीची जागा असेल तर तिथे लावा. नाही तर वायफायवरून कंपनीच्या अ‍ॅपने पाठवा. पुढचं सगळं सारखंच.

कॉम्प्युटरशिवाय, नुसत्या कार्डावरून प्रिंट कशी काढायची?

कागद आधी घाला, कार्ड नंतर. कार्ड घातल्यावर शेजारचा बारीक दिवा लुकलुकतो, तो स्थिर होईपर्यंत काही दाबू नका. कार्डात दोन-तीन हजार फोटो असतील तर मशीन ते मोजत बसतं, आणि माणसाला वाटतं अडकलं. तोपर्यंत चहा टाकून या.

मग पडद्यावर फोटो निवडा आणि तीन गोष्टी सांगा: कागदाचा आकार, कागदाचा प्रकार, कडा ठेवायची की नाही. यातला मधला लोक हमखास विसरतात. ग्लॉसी कागद घालून मशीनला "साधा कागद" सांगितलं की ते त्या हिशोबाने शाई सोडतं, आणि फोटो धुरकट, चिकट येतो. मग शिव्या कागदाच्या कंपनीला. संख्या एक ठेवा. पहिला फोटो बघा, आवडला तरच बाकीचे.

काम झाल्यावर दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नका. कार्ड बिघडण्याचं मी पाहिलेलं सर्वांत मोठं कारण घाई आहे.

तीनशेतून दहा निवडायचे असतील तर बऱ्याच प्रिंटरमध्ये अनुक्रम-पत्रक निघतं: एका साध्या कागदावर सगळे फोटो बारीक आकारात, खाली नंबर. ते काढून घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात पेन द्या. पडद्यावर बोट सरकवत बसण्यापेक्षा निवड झटकन होते आणि भांडणं कमी.

प्रिंटमध्ये कडेच्या माणसांची डोकी का कापली जातात?

कारण फोटोचा आकार वेगळा आणि कागदाचा वेगळा. ४ बाय ६ चा कागद म्हणजे दोनास तीन. मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा फोटोही दोनास तीन, तो नीट बसतो. फोनचा आणि छोट्या कॅमेऱ्याचा फोटो बहुतेक तीनास चार. तो सहा इंच रुंद केला तर उंची साडेचार इंच होते, कागद चारच इंच. अर्धा इंच कुठून तरी जाणार, म्हणजे फोटोचा नववा हिस्सा. आडव्या ग्रुप फोटोत तो वरून आणि खालून जातो: मागच्या रांगेतल्या मामांचं डोकं आणि पुढे बसलेल्या पोरांचे पाय.

उभ्या फोटोत दुसरीच गंमत. गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीचा, फोटो काढताना लोक फोन उभा धरतात आणि पडदाभर दिसावा म्हणून फुल करतात, म्हणजे निदान नवास सोळा. तो चार इंच रुंद केला तर सात इंचाच्या वर उंच होतो. मग इंचाहून जास्त कापलं जातं, आणि नेमकं ध्वजाचं टोक जातं. ज्याच्यासाठी तासभर गर्दीत उभे राहिलात तेच.

उपाय दोन. एक, प्रिंट काढताना "कडा ठेवा" हा पर्याय निवडा. भोवती पांढरी पट्टी येईल, पण फोटो बहुतेक पूर्ण येईल. दुसरा, कापायचं तर आपण कापायचं. प्रिंटरवरच क्रॉप असतो, चौकट सरकवून काय जाऊ द्यायचं ते ठरवा. आणि कडेविरहित प्रिंटमध्ये मशीन फोटो थोडा फुगवतं, म्हणून आकार जुळत असला तरी चारी बाजूंनी थोडंसं जातंच. फोटो काढतानाच डोक्यावर जागा सोडली तर हे सगळं वाचावं लागत नाही.

किती मेगापिक्सेल पाहिजेत?

एका इंचात ३०० ठिपके धरले की फोटो हातात घेऊन बघायला स्वच्छ येतो. त्या हिशोबाने ४ बाय ६ ला १२०० बाय १८००, म्हणजे साडेएकवीस लाख ठिपके. ५ बाय ७ ला साडेएकतीस लाख, ८ बाय १० ला ७२ लाख. तुमचा १२ मेगापिक्सेलचा फोन १ कोटी २० लाख ठिपके देतो. तेव्हा मेगापिक्सेलचा प्रश्न घरच्या प्रिंटरपुरता केव्हाच सुटला आहे. फोटो हलला असेल, लेन्सला बोटाचं तेल लागलं असेल, तर ते कितीही कोटी ठिपक्यांनी झाकलं जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चालेल का?

४ बाय ६ ला चालेल. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू बऱ्याचदा १६०० ठिपक्यांच्या आसपास उरते. सहा इंचाला ते २६६ पडतात, ठीक आहे. पण तोच फोटो ८ बाय १० करायला गेलात तर इंचाला १६० उरतात आणि पैठणीची नक्षी लापशी होते. पाठवणाऱ्याला "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा, म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा येतो. स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून प्रिंट मागणाऱ्यांना मी हात जोडतो.

फोनवर फोटो झळझळीत दिसतो, कागदावर काळपट. प्रिंटर खराब आहे का?

पडदा स्वतः उजेड टाकतो. कागद खोलीतला उजेड परत देतो, तोही थोडाफार गिळून. रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो बघून नाराज होऊ नका, सकाळी खिडकीपाशी बघा. तरीही काळपट वाटला तर प्रिंटरवर ब्राइटनेस एक-दोन पायऱ्या चढवा. फोनची चमक अर्ध्यावर आणून मग फोटो निवडायची सवय लावली तर अंदाज बराच बरोबर येतो.

पण उजळ करताना पांढऱ्याकडे लक्ष ठेवा. आपल्याकडचं उत्तम उदाहरण बाराबंदी, म्हणजे यात्रेत घालतात तो बंदांचा पांढरा अंगरखा. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ दुपारच्या उन्हात पांढऱ्या बाराबंदीतली शेकडो माणसं. अशा फोटोत चेहरे काळे दिसतात म्हणून लोक फोटो उजळ करत सुटतात. मग बाराबंदीच्या सुरकुत्या, बंद, शिवण सगळं जाऊन अंगावर कोरा कागद चिकटवल्यासारखं होतं. कागदावरचा पांढरा म्हणजे न छापलेली जागा, तिथे शाईच पडत नाही. एकदा तपशील गेला की गेला. चेहरे थोडे सावळे राहिले तरी चालतील, कपडा दिसू द्या. याच्या उलट होम मैदानावरच्या दारूकामाचे फोटो. त्यांचं काळं आकाश बघून प्रिंटरचा "आपोआप सुधार" घाबरतो आणि आकाश राखाडी करून टाकतो. त्या फोटोंपुरता तो सुधार बंद ठेवा.

हळदीच्या फोटोंबद्दलही सांगतो. पिवळ्या साड्या, पिवळा मांडव, हळद लावलेले चेहरे: मशीन गोंधळतं आणि पिवळेपणा मारायला निळसर छटा घालतं, माणसं आजारी दिसतात. इथेही तोच इलाज.

फोटो कागद कोणता आणि कोणत्या बाजूने?

१८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) शाळेच्या कामाला पुरे. जपून ठेवायच्या फोटोला २३० च्या पुढचा घ्या. जाडीपेक्षा लेप महत्त्वाचा. महागड्या कागदात मधल्या कागदाला दोन्हीकडून प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यावर शाई धरणारा थर. लॅबच्या फोटोसारखा तो कडक आणि गुळगुळीत लागतो. स्वस्त कागदाला नुसता वरून लेप दिलेला असतो, मागची बाजू साध्या कार्डशीटसारखी, आणि त्यावरचे रंग लवकर उडतात.

बाजू ओळखायला ओलसर बोट कागदाच्या कोपऱ्याला लावा. जी बाजू किंचित चिकटते ती छापायची. उलट्या बाजूने छापलं तर शाई मुरतच नाही, थारोळं होतं, आणि पुढच्या चार कागदांना तो डाग लागत राहतो.

मॅट की ग्लॉसी? हातोहात फिरणारा फोटो असेल तर मॅट, बोटं उमटत नाहीत. एवढंच.

पाकीट उघडल्यावर उरलेला कागद झिपच्या पिशवीत ठेवा, आडवा. कूलरच्या वाऱ्यात ठेवला की दमट होऊन वाकडा होतो आणि हेडला घासतो.

एप्रिलमध्ये प्रिंटर उघडला तर निम्मे रंगच येत नाहीत.

येणार कसे? एप्रिल-मे मध्ये आपला पारा ४२-४३ पर्यंत जातो, हवा कोरडी ठाक. हेडच्या छिद्रांवर शाई सुकून बसते, ती छिद्रं केसाहून बारीक. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान काढायचंच. देवाला दिवा लावतो तसं, वार ठरवून टाका.

बंद पडलंच तर आधी नोझल चेकचं, म्हणजे कोणती छिद्रं बंद आहेत ते दाखवणारं, पान काढा, मग हेड क्लीनिंग. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं, फरक नाही, तर थांबा. रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी पुन्हा बघा. सुकलेली शाई भिजायला वेळ लागतो. पाठोपाठ दहा वेळा क्लीनिंग मारलं तर टाकीतली शाई जाते आणि आतला सांडशाईचा स्पंज भरून मशीन वेगळाच संप करतं. बोअरच्या पाण्याने हेड धुवायचा उद्योग कोणी सांगितला तर ऐकू नका, त्यातला क्षार छिद्रात बसतो.

लाइट जाण्याचाही इथे संबंध आहे. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं, म्हणजे झाकलं जातं. मधेच लाइट गेली तर हेड वाटेतच उघडं राहतं. लाइट आल्यावर प्रिंट नको असली तरी मशीन एकदा चालू करा आणि बटणाने बंद करा. भिंतीवरचं बटण खाली करून प्रिंटर बंद करायची सवय ज्या घरात आहे, त्या घरचं हेड उन्हाळा काढत नाही. रिबनवाल्या मशीनला ही भानगड नाही. फार तापलं की ते मधेच थोडं थांबतं, थांबू द्या.

इन्व्हर्टरवर चालेल का?

इंकजेट चालेल, फारशी वीज खात नाही. लेझर लावू नका, कागद तापवायला तो एकदम मोठा भार ओढतो.

पासपोर्ट साईजचे फोटो घरी काढता येतात का?

येतात. आपल्याकडे सर्रास मागतात तो ३५ बाय ४५ मिलिमीटर. ४ बाय ६ च्या कागदावर चारच्या दोन ओळी, असे आठ बसतात. पण छापताना "कागदावर बसवा" किंवा "कडेविरहित" असलं काही चालू असेल तर मशीन सगळं पान ताणतं आणि ३५ चे ३६-३७ होतात. पहिली प्रिंट कंपासपेटीतल्या पट्टीने मोजा. मागे साधी पांढरी भिंत, भिंतीपासून दोन पावलं पुढे उभं राहायचं म्हणजे सावली पडत नाही, आणि उजेड समोरच्या खिडकीचा. फॉर्मवर वेगळं माप लिहिलेलं असेल तर अर्थात तेच.

घरी काढलेला फोटो किती टिकतो? वडिलांचा फोटो फ्रेम करायचा आहे.

लॅबचा फोटो उजेडाने उमटवून रसायनात धुतलेला असतो, रंग कागदावरच्या थरांच्या आतच तयार होतो. इंकजेटचा रंग वरच्या थरात बसलेला असतो. म्हणून पाणी, ऊन आणि वारा हे त्याचे तीन शत्रू. उघड्यावर टाचणीने लावलेला फोटो हवेतल्या ओझोननेही फिका पडतो, ऊन लागायलाच हवं असं नाही.

प्रिंट काढल्यावर २४ तास तशीच सुकू द्या, मगच काचेखाली. हाताला कोरडी लागली तरी आत ओल असते, काच लावली की धुकं धरतं. फोटो काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंटची पुठ्ठ्याची चौकट घालायला फ्रेमवाल्याला सांगा. नाही तर काही वर्षांनी काच काढताना चेहऱ्याचा तुकडा काचेबरोबर येतो. मी हे पाहिलंय. त्या घरी तो एकच फोटो होता.

हार घालायचा फोटो असेल, रोज उदबत्ती असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: तो लॅबमधून काढून घ्या. आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा.

चिकट पानांच्या अल्बमपासून लांब राहा.

कार्डावरचे फोटो उडाले. परत मिळतात का?

बऱ्याच वेळा मिळतात, एका अटीवर: त्यानंतर कार्डावर काहीही नवीन घेतलेलं नसावं. डिलीट किंवा साधं फॉरमॅट केलं की फक्त यादी पुसली जाते, फोटो तिथेच असतात. नवा फोटो काढलात की तो जुन्याच्या जागेवर बसतो. तेव्हा कार्ड लगेच बाहेर काढा. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर चालतं. सापडलेले फोटो मात्र त्याच कार्डावर परत टाकू नका.

कार्ड १२८ जीबीचं म्हणून फारच स्वस्तात मिळालं असेल आणि ठराविक संख्येनंतरचे सगळे फोटो बिघडलेले निघत असतील, तर ते कार्ड बनावट आहे. वर १२८ लिहिलेलं, पोटात ८. त्यातले पुढचे फोटो कुठेच नसतात, शोधून मिळणार नाहीत.

दुकानात कार्ड द्यायला भीती वाटते.

वाटायला हवी. मोठ्या कार्डाच्या, नाही तर अ‍ॅडॉप्टरच्या, डाव्या कडेला बारीक सरकपट्टी असते. ती खाली "लॉक"कडे ढकलून द्या, मग बहुतेक मशीनवर त्यात काही लिहिलं किंवा पुसलं जात नाही. व्हायरसही चढत नाही. त्याहून बरं म्हणजे हवे तेवढे दहा फोटो वेगळ्या पेन ड्राइव्हवर न्यायचे. घरचं सगळं कार्ड कशाला काउंटरवर ठेवायचं?

घरातल्या घरात एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. रिबनवाल्या मशीनची वापरलेली रिबन उजेडासमोर धरा, छापलेला प्रत्येक फोटो तिच्यावर उलट्या रंगात दिसतो. कचरागाडीत टाकण्याआधी कात्रीने तुकडे करा.

फोटोवर तारीख छापायची का?

कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तरच. बरेच महिने कॅमेरा कपाटात पडून राहिला की आतली छोटी बॅटरी उतरते आणि तारीख मूळपदावर जाते. माझ्या चुलत बहिणीच्या साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंवर १ जानेवारी आहे. साखरपुडा झाला होता दिवाळीनंतर. आता तिची मुलं विचारतात.

मग मागे लिहिलं तर?

लिहा, पण बॉलपेनने दाबून नाही, अक्षरं पुढून उठून दिसतात. प्लास्टिकच्या अस्तराच्या कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही, तिथे सीडीवर लिहायचा बारीक मार्कर चालतो. लिहून झाल्यावर दोन-तीन मिनिटं उताणा ठेवू नका, एकावर एक तर मुळीच नाही, नाही तर मागची शाई खालच्या फोटोच्या चेहऱ्यावर उतरते. वर्ष, गाव आणि डावीकडून उजवीकडे नावं. "आम्ही सगळे" असं लिहू नका. माझ्याकडे आईच्या पेटीतला एक फोटो आहे, नान्नजच्या रानात हुरडा खाताना नऊ जण, मागे तिच्या हातचं "आम्ही सगळे". सात ओळखले. उरलेल्या दोघांसाठी मी अजून दर जानेवारीत कोणाला ना कोणाला तो फोटो दाखवतो.